नर्मदाकाठच्या सायकल सहलीच्या नावाखाली ५३,३५० रुपयांना गंडा

इंदूर परिसरातील ज्या मंडळींनी या हिवाळ्यात नर्मदेच्या खोऱ्यातून सायकलने जाण्याचा बेत आखला असेल, त्यांनी कोणालाही आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी हे अवश्य वाचावे. आमचे ५३,३५० रुपये गेले आहेत आणि ज्याने ते घेतले त्याचा उद्योग अजून बिनदिक्कत चालू आहे.

मी, माझे यजमान, धाकटे दीर आणि जाऊबाई अशा चौघांनी महेश्वरहून निघून मंडलेश्वर, बडवाह, ओंकारेश्वर असे आपल्या गतीने जायचे आणि पुढे पुनासामार्गे इंदिरा सागरचा जलाशय पाहायचा, असे ठरले होते. वाटाड्या नको होता, मोठा गट नको होता. अशा सहलीत आयोजकाकडून गिअरच्या सायकली, ठरलेले मुक्काम, सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी गाडी आणि मोबाइलवर वापरायचा नकाशा एवढेच घ्यायचे असते. म्हणजे आयोजक प्रत्यक्ष समोर येण्याचा प्रश्नच येत नाही, आणि भामट्यांना हीच गोष्ट सोयीची पडते, हे आता कळते आहे.

समाजमाध्यमावरील त्याच्या पानावर महेश्वरच्या घाटावर ओळीने लावलेल्या सायकलींची छायाचित्रे होती. तो फोनवर अस्खलित मराठी बोलला, "काकू, आम्ही मूळचे महेश्वरचेच, आजोबा होळकरांच्या दप्तरात होते," असे म्हणाला. इंदुरात मराठी माणसाला महेश्वरचा मराठी माणूस परका वाटेल तरी कसा? चौघांचे ३७,००० ठरले, त्यातले निम्मे म्हणजे १८,५०० आगाऊ गेले. सायकलींची अनामत प्रत्येकी ६,००० प्रमाणे २४,०००. त्यानंतर ओंकारेश्वरपुढच्या जंगलातून जाण्याचा वनखात्याचा परवाना म्हणून माणशी ८०० प्रमाणे ३,२००. आम्ही जाणार होतो ते सगळे सार्वजनिक डांबरी रस्ते होते. त्यांवरून सायकल चालवायला कसला परवाना मागतात, हे त्याला दरडावून विचारायला हवे होते.

पण ज्या क्षणी सगळे उघड व्हायला हवे होते, तो क्षण वेगळाच होता आणि तो आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. त्याने पाठवलेल्या पत्रकात चौथ्या दिवशी लिहिले होते : "पुनासा ते हरसूद, नदीकाठाने ४८ किलोमीटर, मुक्काम हरसूदच्या जुन्या बाजारातील वाड्यात." हरसूद! इंदिरा सागर धरणासाठी २००४ साली जे गाव रिकामे केले, लोकांनी आपली घरे आपल्या हातांनी पाडली, ते हरसूद. तिथे ना जुना बाजार उरला आहे, ना वाडा. आणि पुनासापासून त्या बाजूला नदीचा काठ नाही, धरणाचे पसरलेले पाणी आहे. मी ती ओळ वाचली, थबकले आणि लगेच त्याला फोन केला. तो एका क्षणाचाही वेळ न घेता म्हणाला, "काकू, ते नवे हरसूद, छनेरा. जुन्या नावाने लोकांना पटकन कळते म्हणून तसे लिहितो." विस्थापितांना छनेऱ्याजवळच वसवले, हे खरे आहे. इतके नेमके उत्तर देणाऱ्याला तो भाग ठाऊक नाही, असे कोण म्हणेल? शंका मी घेतली होती, विचारलेही होते. त्याने खऱ्या माहितीच्या आडून खोटे दडवले, याला मी काय करणार?

पैसे पाठवताना मोबाइलवर संस्थेचे नाव न येता एका मुलीचे नाव आले. तेव्हा बहिणीचे खाते असल्याचे त्याने सांगितले. आता आपल्या सराफ्यातसुद्धा मुलाच्या नावाच्या क्यूआर कोडवर पैसे घेतात, त्यामुळे त्यात वावगे वाटले नाही. तरीही सांगते, नाव वेगळे आले की व्यवहार तिथेच थांबवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी महेश्वरच्या मुक्कामी स्वतः फोन लावला. आमच्या नावाची नोंदच नव्हती. त्याला जाब विचारला तर अत्यंत नम्रपणे म्हणाला, की आरक्षणाचा घोळ झाला आहे, ४२,५०० परत करतो, मात्र रक्कम मोकळी होण्यासाठी तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,६५० आधी भरावे लागतील, तेही परत मिळतील. यजमानांनी ते भरले. त्यांना दोष देणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की मोठी रक्कम अडकलेली असताना माणूस ती सोडवण्याच्या मागे लागतो. परतावा मिळवण्यासाठी आधी कोणताही कर भरावा लागत नाही. त्यानंतर फोन बंद.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. मध्य प्रदेशाचा क्रमांक २३ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कोणाची आहे ते फुकट दिसते. आम्ही नंतर पाहिले तेव्हा तो क्रमांक पर्यटनाशी काडीचाही संबंध नसलेल्या दुकानाचा निघाला.

आता यंत्रणेविषयी. आम्ही त्याच संध्याकाळी ठाण्यात गेलो. तिथे सांगितले, खाते परराज्यातले आहे, तिकडे तक्रार करा. नवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे; गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, असे त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. हे यजमानांनी नम्रपणे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, "आप तो पढ़े-लिखे हैं, फिर कैसे फँस गए?" अर्ज घेतला, पण पोच देण्यासाठी तीनदा हेलपाटे घालायला लावले. बँकेच्या शाखेत तर त्याहून कहर. पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्याच संमतीचा, म्हणून रिझर्व्ह बँकेचे अनधिकृत व्यवहारांचे संरक्षण तुम्हाला लागू नाही, असे शाखाधिकारी ठणकावून सांगत राहिले. नियम तसा असेलही. पण समोरच्या बँकेला कळवून त्या खात्यातली रक्कम गोठवण्याची विनंती तर लगेच करता आली असती, ती करायला शनिवार-रविवारची सुट्टी आडवी आली. तोवर खाते रिकामे झाले होते. ज्या मुलीच्या नावावर ते होते, तिने खाते कमिशनवर वापरायला दिले असावे, असे आम्हाला सांगण्यात आले. हे ज्यांना ठाऊक आहे ते तिला बोलावून विचारत का नाहीत, याचे उत्तर कोणीही देत नाही.

म्हणून आधी ठाण्यात धावू नका. पैसे गेल्याचे कळताच १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर व्यवहार क्रमांकासह तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ती अडवता येते. संभाषण पुसू नका. प्रत्येक मुक्कामाचा क्रमांक आयोजकाकडून न घेता स्वतः शोधून फोन करा. सायकली आधी डोळ्यांनी पाहा, अनामत सायकल हातात आल्यावरच द्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते. आमचा अर्ज तयार आहे, मात्र त्यात विरुद्ध पक्षाचा पत्ता लिहावा लागतो आणि तो आम्हाला पोलिसांखेरीज कोणी देऊ शकत नाही. दरम्यान ते पान नाव बदलून पुन्हा दिसू लागले आहे. छायाचित्रे तीच आहेत, आणि चौथ्या दिवसाचा मुक्काम अजूनही हरसूदच्या जुन्या बाजारात आहे. त्याची प्रत आम्ही ठाण्यात नेऊन दिली. ती अर्जाला जोडली आहे, असे सांगितले.