स्पीडोमीटरच्या ‘कॅलिब्रेशन’च्या नावाखाली झालेली फसवणूक

मोठ्या मापाचे टायर बसवल्यावर स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, हे बहुतेक वाहनचालकांना ऐकून माहीत असते. मात्र तो दुरुस्त करून, म्हणजे खऱ्या वेगाशी जुळवून (‘कॅलिब्रेट’ करून), देतो म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात नेमके काय केले, हे तपासण्याची सवय फार थोड्यांना असते आणि या धंद्यातील काही मंडळी नेमका त्याचाच फायदा घेतात. माझ्या बाबतीत जे घडले ते इतर कोणाच्या बाबतीत घडू नये, म्हणून सर्व तपशील येथे देत आहे.

माझ्या गाडीला कारखान्यातून २३५/७० आर १६ या मापाचे टायर आले होते आणि त्यांच्या जागी मी २६५/७५ आर १६ चे टायर बसवले. या मापातील पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा म्हणजे रिमच्या कडेपासून बाहेरची टायरची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि शेवटचा म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. सोळा इंचांचे रिम ४०६.४ मिलिमीटरचे असते. त्यात वरची आणि खालची अशी दोन्हीकडची उंची मिळवली की जुन्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर आणि नव्याचा सुमारे ८०४ मिलिमीटर निघतो. म्हणजे नवे चाक एका फेऱ्यात ९.३ टक्के अधिक अंतर कापते. स्पीडोमीटर चाकाचे किंवा गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचे फेरे सेन्सरच्या साहाय्याने मोजतो आणि त्यांना कारखान्यात ठरवलेल्या घेराने गुणतो. जुन्या टायरचे एका किलोमीटरला साधारण ४३३ फेरे होत, नव्याचे ३९६ होतात. फेरे कमी झाल्यामुळे मीटरला गाडी हळू चालली आहे असे वाटते.

प्रत्यक्षात माझ्या गाडीचा काटा ८० वर असताना जीपीएसवर ८४-८५ चा वेग दिसत होता. हा फरक ९.३ टक्क्यांपेक्षा कमी दिसण्याचे कारण असे, की कारखान्यातून येणारे मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी नियम क्रमांक ३९ नुसार मीटरने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के आणि त्यावर ताशी ४ किलोमीटर इतका असू शकतो. गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते नोंदवणाऱ्या ओडोमीटरमध्ये अशी सवलत सहसा ठेवलेली नसते, त्यामुळे तेथे टायरचा पूर्ण फरक उतरला होता आणि १०० किलोमीटरच्या प्रवासाची नोंद साडेएक्क्याण्णवच्या आसपास होत होती.

ज्या वर्कशॉपमध्ये मी गेलो, तेथील प्रमुखांनी सांगितले की गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीतल्या नियंत्रक संगणकात, टायरचे नवे माप भरावे लागेल, ते काम संगणकावर होते आणि त्याला अर्धा दिवस लागतो. हे स्पष्टीकरण अगदी योग्य होते, कारण सेन्सरवर चालणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये दुरुस्तीची तीच रीत आहे. (केबलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्समधील स्पीडोमीटरचे छोटे गिअर वेगळ्या दात्यांचे घालतात, ज्या गाडीत माप भरण्याची सोयच नसते, तेथे सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये सेन्सरकडून येणाऱ्या विद्युत स्पंदनांचे प्रमाण बदलणारा एक छोटा डबा बसवतात.) त्यांनी जाता जाता असेही विचारले, “साहेब, मीटर उघडतोच आहोत, तर किलोमीटर थोडे कमी करून देऊ का?” मी ठाम नकार दिला. टायरचे माप भरायला मीटर उघडावाच लागत नाही, तेव्हा खरे म्हणजे या एका वाक्यात पुढचे सगळे आले होते.

संध्याकाळी गाडी ताब्यात देताना त्यांचा माणूस मला सरळ रस्त्यावर घेऊन गेला, काटा ८० वर स्थिर धरला आणि फोनवरचा जीपीएस माझ्यासमोर केला. तेथेही बरोबर ८० दिसत होते. बिलावर ‘मीटर कॅलिब्रेशन’ एवढे दोनच शब्द होते.

त्यानंतर शहरातल्या रस्त्यांवर मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त वेग दाखवू लागला. खरा वेग ४० असताना काटा ४२ वर जाई, आणि महामार्गावर खरा वेग ११० असताना मात्र तो १०८ वरच राही. येथे प्रत्येक वाचकाने एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. टायरच्या मापामुळे होणारी चूक ही प्रमाणाची चूक असते. ती प्रत्येक वेगाला एकाच दिशेने जाते आणि वेग वाढेल तशी वाढते. हळू चालताना जास्त आणि जोरात चालताना कमी, असे कोणत्याही टायरमुळे होऊ शकत नाही.

गाडी उभी करून मीटरकडे समोरून नीट पाहिले, तेव्हा कारण डोळ्यांनी दिसले. पूर्वी शून्याच्या रेघेवर टेकणारा काटा आता त्या रेघेच्या किंचित वर थांबत होता. मीटरच्या काचेवर आतल्या बाजूने अंगठ्याचा पुसट ठसा होता, जो बाहेरून कितीही पुसला तरी जात नव्हता, आणि मीटरभोवतीच्या प्लास्टिकच्या कडेवर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याची खूण होती. संगणकावर काहीही झाले नव्हते. मीटर काढून काटा त्याच्या दांड्यावरून उपटला होता आणि सुमारे चार किलोमीटर पुढे सरकवून पुन्हा दाबून बसवला होता. मागे पडणाऱ्या घड्याळाचा काटा पुढे केला की ते त्या क्षणापुरते बरोबर दिसते. तसे येथे फक्त ८० च्या वेगाला बरोबर दिसत होते, आणि मला दाखवण्यासाठी नेमका तोच वेग निवडला होता. ओडोमीटरला तर काट्याशी काही देणेघेणेच नसते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिले, तेव्हा त्याची तूट पूर्वीइतकीच होती.

वर्कशॉपमध्ये परत गेल्यावर पहिले उत्तर मिळाले, “साहेब, फोनचा काय भरवसा?” ज्या फोनवरच्या जीपीएसवर त्यांनी स्वतःचे काम बरोबर असल्याचे दाखवले होते, तोच जीपीएस आता अविश्वसनीय ठरला. दुसरे उत्तर टायरमधील हवेचे होते. रेडियल टायरमध्ये हवा थोडी कमीजास्त झाल्याने त्याचा फिरता घेर नाममात्रच बदलतो, आणि बदलला तरी चूक एकाच दिशेने जाते, हे मी आकडे दाखवून सांगितले. त्यावर, झालेल्या कामाचे पैसे परत मिळत नाहीत, असे सांगून त्यांनी विषय संपवला. या सगळ्यात मला सर्वांत संतापजनक वाटले ते हे, की सरकवलेला काटा नेमका जास्त वेगाला, म्हणजे जेथे चूक सर्वांत धोक्याची असते तेथेच, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवत होता.

पुढे दुसऱ्या एका तंत्रज्ञाने माझ्यासमोर गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे तपासणीचे यंत्र जोडण्याच्या सॉकेटला, स्कॅनर लावला. टायरच्या घेराच्या रकान्यात कारखान्याचाच आकडा होता. त्याने काटा पुन्हा शून्यावर बसवला, नव्या मापाचा घेर भरला आणि आधीच्या व नंतरच्या नोंदींचा छापील कागद दिला. तो कागद जोडून मी पहिल्या वर्कशॉपविरुद्ध लेखी ग्राहक तक्रार केली आहे.

असे काम करून घेणाऱ्यांनी कामाआधी आणि कामानंतर स्कॅनरवरील घेराचा आकडा स्वतः पाहावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. बाहेरचा डबा बसवला असेल, तर त्यावर ठेवलेले प्रमाण लिहून घ्यावे. पडताळणी एकाच वेगाला करून देणाऱ्याला ४०, ८० आणि १०० अशा तिन्ही वेगांना करायला लावावी. सपाट, सरळ रस्त्यावर वेग काही सेकंद स्थिर ठेवूनच जीपीएस वाचावा, कारण वेग बदलत असताना त्याचा आकडा मागे राहतो. ओडोमीटर निदान १० किलोमीटरच्या दगडांशी ताडावा. काटा दुरुस्त झाला आणि ओडोमीटर तसाच राहिला, तर पैसे देऊ नयेत.

मधल्या काळात ओडोमीटरवर न चढलेले किलोमीटर आता भरून काढता येत नाहीत. ऑइल बदलण्याचा १०,००० किलोमीटरचा टप्पा मीटरवर येईपर्यंत गाडी खरोखर १०,९०० हून अधिक चाललेली असते, म्हणून सर्व्हिसच्या वहीत टायर बदलल्याची तारीख, दोन्ही मापे, तेव्हाचा ओडोमीटरचा आकडा आणि दुरुस्तीच्या दिवशीचा आकडा अशी नोंद मी करून ठेवली आहे, आणि गाडी विकताना ती घेणाऱ्याला दाखवणार आहे.