कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं हे मेडिकल : लसीसाठी चार स्टार

आमची लेअरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची पोल्ट्री आहे, हातकणंगले बाजूला. लासोटाची, म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरच्या लसीची बाटली उन्हात राहिली तर पुढं शेडात काय बघायला लागतं ते पोल्ट्रीवाल्यालाच ठाऊक. त्यामुळं मेडिकलात गेलो की माझी नजर आधी फ्रीजवर जाते. काही ठिकाणी लसीशेजारी ताकाची बाटली असते! इथं लसीचा फ्रीज वेगळा, बाहेर तापमानाचा आकडा आणि शेजारी सकाळ-संध्याकाळच्या नोंदीची वही. सगळे आकडे २ ते ८ अंशांतले. पावसाळ्यात आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही, म्हणून फ्रीज इन्व्हर्टरवर घेतलाय.

शेडवर काम करणाऱ्या पोरांसाठी फ्लूची लस घ्यायची होती. सोबत मेव्हणा होता. बर्ड फ्लूच्या बातम्या वाचून त्याचा एकच धोशा, "दाजी, दोन वर्षांचा माल एकदम उचला, साथ आली की मिळायची नाही." मालकांनी सरळ नकार दिला. म्हणाले, "पुढच्या वर्षी ही चालणार नाही दादा. विषाणू बदलतो, तशी लस बदलायला लागते." जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कुठले विषाणू घ्यायचे ते सांगते. गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना खरं सांगणारा दुकानदार, तिथंच तीन स्टार वसूल.

मेव्हणा गप्प बसणाऱ्यातला नाही. "मग अमेरिका कशाला साठवते?" मालक म्हणाले, तो साठा वेगळा. बर्ड फ्लूच्या एच५ विषाणूविरुद्धच्या लसीचा मूळ माल मोठ्या प्रमाणात करून ठेवतात, लसीचा जोर वाढवणारं द्रव्य वेगळं ठेवतात, आणि वेळ आली की भरून देतात. नेमका तोच विषाणू येईल याची खात्री नसते, पण नवी लस हाताशी येईपर्यंत निदान पहिल्या फळीतल्या लोकांना काहीतरी मिळतं. २००९ चा स्वाइन फ्लू आठवा. जूनमध्ये महासाथ जाहीर झाली, ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला, आणि आपल्याकडं बनलेली लस यायला २०१० चं मध्य उजाडलं. २०१० च्याच ऑगस्टमध्ये महासाथ संपल्याचंही जाहीर झालं. फ्लूची बरीचशी लस अजून कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. म्हणजे बर्ड फ्लूनं कोंबड्याच गेल्या तर लसवाल्यांचीही पंचाईत. फिनलंडनं २०२४ मध्ये पक्ष्यांशी संबंध येणाऱ्या कामगारांना बर्ड फ्लूची लस द्यायला घेतली. आमच्या पोरांना तसलं काही अजून नाही.

मग साधी फ्लूची लस कशाला? तिनं बर्ड फ्लू अडत नाही, हेही मालकांनीच आधी सांगितलं. पण एकाच माणसाच्या अंगात दोन्ही विषाणू एकदम शिरले तर त्यांची सरमिसळ होऊन नवाच प्रकार निघू शकतो. ती शक्यता कमी करायची.

डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, ते बरोबरच आहे. थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि लस यांच्यामध्ये पुठ्ठा घालून देतात, कारण ही लस गोठली की वाया. बिलावर बॅच नंबर आणि मुदत असते.

एक स्टार कापला तो गाडी लावायच्या त्रासापायी आणि मालकांच्या बोलण्यापायी. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास धरून चाला. जास्त डोस हवे असतील तर पावसाच्या आधीच फोन करून सांगा. ते मोजकाच माल मागवतात.