पॅनडॉक: नाटकाची संहिता वर्डमधून मोबाईलवर

गडचिरोली जिल्ह्यात वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला, माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. धान निघालं, दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकं लागतात ती होळीपर्यंत. त्याआधीचे दोन महिने माझ्याकडे संहितांचीच गर्दी असते. १९ वर्षांत १४३ नाटकं टाईप केली, सगळी वर्डच्या फाईलींत पडून आहेत.

यंदा आमच्या एका प्रॉम्प्टर काकाजींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. वहीतलं अक्षर आता लागत नाही, मोबाईलवर मोठं केलं तर लागतं. पण वर्डचं पान मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. तिकडे पात्र वाक्य विसरून उभं, इकडे काकाजी बोटानं पान सरकवत. म्हणून साधी टेक्स्ट फाईल करून द्यायचं ठरवलं.

वर्डमधूनच 'सेव्ह ॲज' करून टेक्स्ट काढता येतो, पण त्यात ठळक अक्षरातली पात्रांची नावं आणि संवाद एकसारखे दिसतात. मग फाईल बदलून देणाऱ्या एका वेबसाईटवर ती चढवली. त्या नाटकाच्या लेखकांना कळलं तर ते म्हणाले, "ताई, हंगाम लागाच्या आधी माहं नाटक कोनाच्या कॉम्प्युटरात टाकून रायल्या तुम्ही?" त्यांचं खरं होतं. नवं नाटक पहिल्या प्रयोगाआधी बाहेर जाऊ नये, हा आमच्याकडचा विश्वासाचा व्यवहार आहे.

मग भाच्यानं लॅपटॉपवर पॅनडॉक टाकून दिलं. एका प्रकारची फाईल दुसऱ्या प्रकारात बदलणारं हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. फाईल दुकानाबाहेर जातच नाही. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणलं. याला खिडकी नाही, बटणं नाहीत. आज्ञा टाईप करायच्या काळ्या पडद्यावर पॅनडॉक असं लिहायचं, मग वर्डच्या फाईलचं नाव, मग डॅश ओ आणि नव्या फाईलचं नाव. नाटकाच्या नावात जागा सुटली असेल तर नाव दुहेरी अवतरणात टाकायचं. मला दोन दिवस भीती वाटली, तिसऱ्या दिवशी हात बसला. तीन अंकी नाटक डोळ्याची पापणी लवेपर्यंत तयार होतं, तेही माझ्या जुन्या लॅपटॉपवर.

जे निघतं त्याला मार्कडाऊन म्हणतात. ठळक नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या येतात, तिरप्या अक्षरातल्या रंगसूचनेला एक-एक. चांदण्या काढून देऊ का, असं मी काकाजींना विचारलं, तर म्हणाले, "राहू दे पोरी, चांदणी दिसली का पात्र कोन ते लगेच समजते."

पहिल्या फाईलीत मात्र ओळी मधेच तुटल्या होत्या. पॅनडॉक आपसूक ७२ अक्षरांवर ओळ मोडतं. मोबाईलवर एक पूर्ण ओळ, खाली अर्धी, पुन्हा पूर्ण, असं दिसतं. वाचणाऱ्याचा श्वास चुकतो. आज्ञेत डॅश-डॅश रॅप, बरोबरचं चिन्ह आणि नन जोडलं की ते थांबतं. पदांमध्ये शिफ्ट-एंटरनं ओळ तोडलेली असली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक उलटी तिरपी रेघ (\) येते. ती मी नंतर 'फाइंड-रिप्लेस'नं उडवते. स्पेस मारमारून सरळ लावलेले रकाने आणि एंटर मारून सोडलेल्या रिकाम्या ओळी गळतात. त्यात दोष आपल्या टायपिंगच्या सवयीचा आहे.

एका गोष्टीनं मात्र खरंच नुकसान होता होता वाचलं. दिग्दर्शकानं फाईलीच्या कडेला शेरे लिहिले होते: 'इथे पडदा नाही', 'हे वाक्य पुन्हा'. पॅनडॉकनं ते न सांगता गाळले. डॅश-डॅश ट्रॅक-चेंजेस, बरोबर, ऑल असं सांगितलं तरच ते येतात. तालमीतले बदल असलेल्या संहितेला हे विसरू नका.

२००७ च्या आधीच्या वर्डमधली जुनी डॉक फाईल पॅनडॉकला वाचता येत नाही. ती लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून नव्या डॉकएक्समध्ये सेव्ह करावी लागते. तेही फुकटच आहे.

आणि आपल्या मराठीची सर्वांत मोठी अडचण पॅनडॉकच्या हातातच नाही. माझी आधीची नाटकं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत नाहीत, जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तिथे पडद्यावर दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट काढला की 'किती' शब्दाचा पत्ता लागत नाही. त्यामुळे आधी जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारा फॉन्ट कन्व्हर्टर, मग पॅनडॉक. कन्व्हर्टरही चुकतो: जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते; रफार एक अक्षर पुढे सरकतो, 'दुसऱ्या'चा र तुटतो. 'धर्म'चा 'धमर्' झालेला मी स्वतः पकडला. प्रयोगात असा शब्द समोर आला तर काकाजी अडतील आणि त्यांच्या मागे पात्र अडेल.

अशा ५२ फाईली अजून उरल्या आहेत. शटर ओढायच्या आधी रोज एक अंक वाचून काढते, मूळ वही शेजारी ठेवून.