फाइल शेअरिंग करताना पीसी कोसळतोय: नॅस घ्यावा की आहे तेच दुरुस्त करावं?

गोव्यात फोंडा, डिचोली, साखळीकडच्या छापखान्यांत आणि अकाउंटंटच्या ऑफिसांत सहसा एकच मांडणी दिसते. एका विंडोज पीसीवर सगळ्या फाइली, त्याचं फोल्डर शेअर केलेलं आणि बाकीचे दोन-चार पीसी त्यावर काम करणारे. तो पीसी ऐन चतुर्थीच्या तोंडावर निळा स्क्रीन दाखवू लागला की नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली ठेवणारी वेगळी डिस्कपेटी, घ्यायचा विषय निघतो. नॅस चांगलाच, पण पैसे मोजण्याआधी पाहायचं ते हे: कोसळतो कोण, फाइल देणारा की घेणारा?

निळ्या स्क्रीनवर विंडोजच्या एखाद्या सिस्टीम फाइलचं नाव आलं तर टिपून ठेवा. एसआरव्ही२ (srv2) हे शेअर देणाऱ्या बाजूचं, तर एमआरएक्सएसएमबी (mrxsmb) किंवा आरडीबीएसएस (rdbss) हे घेणाऱ्या बाजूचं. नाव आलं म्हणून दोष त्याचाच असं नाही. मूळ दुखणं बऱ्याचदा नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), अँटिव्हायरसमध्ये किंवा रॅममध्ये असतं. स्क्रीन बघायचा राहिला तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टीम लॉगमध्ये बगचेकची, म्हणजे निळ्या स्क्रीनची, १००१ क्रमांकाची नोंद शोधा. ती नसेल, नुसती कर्नल-पॉवर ४१ (पीसी नीट बंद न होता रीस्टार्ट झाल्याची नोंद) असेल आणि तिच्या तपशिलात बगचेककोड ० असेल, तर आधी वीज आणि पॉवर सप्लाय तपासा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन परत येते, तेवढ्यानेही यूपीएस नसलेला पीसी रीस्टार्ट होतो. अशा वेळी नॅसआधी यूपीएस घ्या.

मग एक मोठी फाइल त्याच पीसीवर एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी करा. तिथेही कोसळला तर नेटवर्कचा संबंध नाही. रॅम आणि डिस्क तपासून घ्या. नेटवर्कवरूनच कोसळत असेल तर यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावून तीच फाइल पाठवा. त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो, त्यामुळे त्यावर नीट चाललं तर जुनं कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर सापडला म्हणायचं. असं अडॅप्टर नॅसच्या मानाने फारच स्वस्तात येतं.

आता निवड. देणारा पीसी कोसळत असेल, त्यावर दिवसभर डिझाइनचं कामही चालत असेल, तर नॅस घ्या असंच मी सांगेन. डिझाइनच्या पीसीवर काहीही बिघडलं तरी बाकीच्यांच्या फाइली सुरू राहतात, आणि यूपीएसला यूएसबीने जोडलेला नॅस बॅटरी संपत आली की आपणहून नीट बंद होतो. घेणारा पीसी कोसळत असेल तर मात्र नॅस आणूनही तो तसाच कोसळत राहील. तिथे ड्रायव्हर बदला, अँटिव्हायरस काढून पाहा. वापरणारे दोघे-तिघेच असतील आणि अडॅप्टरने काम भागलं असेल, तर आहे ती मांडणी पुरेशी आहे. साध्या विंडोजवर एका वेळी २० पर्यंतच जोडण्या चालतात, पण एवढ्याशा ऑफिसला ती मर्यादा आड येत नाही.

क्लाउडवरचं सिंक पत्रं आणि एक्सेलसाठी ठीक. जत्रेच्या नाटकाच्या बॅनरची जड फाइल इंटरनेटवरून वर-खाली करणं परवडत नाही, आणि दोघांनी एकच फाइल एकाच वेळी बदलली की दोन प्रती तयार होऊ शकतात.

शेअर गायब झाल्यावर फाइल एक्सप्लोरर नुसता लटकत असेल तर ते कोसळणं नव्हे. शेअरला अक्षर देऊन जोडलेला (मॅप केलेला) ड्राइव्ह तुटला असेल तर तो काढून पाहा, स्विच आणि केबल बदलून पाहा.

जुना नॅस स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. फक्त एसएमबी १, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, बोलणारा असेल तर नव्या विंडोजला तो सुरुवातीपासूनच चालत नाही, आणि ते पुन्हा चालू करणं धोक्याचं: २०१७ साली फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून पसरला. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेशही सुरुवातीपासूनच अडतो. त्यामुळे नॅसवर प्रत्येकाचं खातं आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी करून घ्या, आणि बॅकअपसाठी वेगळी डिस्कही त्याच बिलात घ्या.