कॉट नंबर 4: चर्चच्या रुग्णसाहित्य केंद्राचा माझा अनुभव

आधी गुण देऊन टाकतो. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

जूनच्या शेवटी आई न्हाणीघरात घसरली. वय 81, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नवव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याकडून वर-खाली होणारी कॉट आणा, एअर गादी आणा, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. भाड्याच्या दुकानात गेलो. महिन्याचे साडेतीन हजार, डिपॉझिट पाच हजार, तिसऱ्या मजल्यावर चढवायचे वेगळे. एवढं करून कॉट दाखवली तिचं हँडल फिरवताना किर्र करत होतं. मी एस.टी.च्या डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होतो. तो आवाज मला ऐकवत नाही.

आमच्याकडे केळी घेऊन येणारी बाई म्हणाली, "दादा, चर्चात विचारा की. कॉट देतात तिथे." आम्ही काही ख्रिस्ती नाही. इतकी वर्षं वसईत राहून चर्चच्या आवारात गेलो असेन ते नाताळचा गोठा बघायला. तरी गेलो. ऑफिसात एक जाडजूड रजिस्टर, शेजारी छापील फॉर्म. डॉक्टरांची चिठ्ठी, आधारची झेरॉक्स, दोन हजार अनामत, ती परत मिळते. भाडं नाही. फॉर्मवर धर्माचा रकाना नाही, पण पेशंटच्या वजनाचा आहे. दुकानदाराने वजन विचारलंच नव्हतं. एअर गादीच्या पंपाचं बटण वजनाप्रमाणे लावावं लागतं, हे मला तिथे कळलं.

संध्याकाळी भर पावसात टेम्पो आला, बरोबर दोन काका. एक उंच, एक बुटके, दोघेही माझ्यापेक्षा मोठे. टेम्पोचे सातशे मी दिले, एवढाच काय तो खर्च. कॉट खोलून आणली होती. नट-बोल्ट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, प्रत्येकाचा वॉशर त्याच्या त्याच्या बोल्टवर चढवलेला. माणूस कसा आहे ते मी वॉशरवरून ओळखतो. आमची फरशी एका कोपऱ्यात खचलीय, तर बुटक्या काकांनी खिशातून टायरच्या रबराचा तुकडा काढून पायाखाली सारला. आईला गादीवर घेतल्यावर उंच काका म्हणाले, "आई, गादीखाली हात घालतो हं." कमरेच्या बरोबर खाली, गादी आणि कॉट यांच्या मधे हात सरकवून त्यांनी बघितलं, की अंग खाली टेकतंय का. टेकत होतं. पंपाची हवा एक घर वाढवली, परत हात घातला, मग उठले.

पुढच्या बुधवारी दोघे पुन्हा हजर. न बोलावता. मग दर बुधवारी.

आषाढीला आले तेव्हा बायकोने साबुदाण्याची खिचडी पुढे केली. दोघांनी चाटूनपुसून खाल्ली. तेव्हा मी विचारलं, की हे कुठून काढलंत? उंच काका सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीत आहेत. गरिबांना मदत करणारी ही कॅथलिक सोसायटी 1833 साली पॅरिसमध्ये निघाली. आदल्या वर्षी तिथे पटकीने माणसं पटापट मेली होती. फ्रेडरिक ओझानम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभेत धर्माची बाजू मांडत होता, तर समोरच्याने सुनावलं, की तुमच्या धर्माने पूर्वी केलं असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? पोरगं वादात हरलं म्हणा, पण मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला लागलं. घरी जायचं, शक्यतो दोघादोघांनी, ही रीत आजतागायत चालू आहे. बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची, कुणी किती टाकले ते कुणालाच कळत नाही. मी कॉटकडे बघितलं. आपल्याकडे बाकड्यापासून पंख्यापर्यंत सगळ्यावर 'यांच्या स्मरणार्थ' रंगवलेलं असतं, पंख्याचं पातंसुद्धा सोडत नाहीत. या कॉटवर फक्त 4 आकडा आहे.

आमच्या व्याह्यांनी फोनवर दबक्या आवाजात विचारलं, "धर्माबिर्माचं काही बोलतात का?" नाही बोलत. उलट आईनेच एकदा विषय काढला, "तुमच्या देवालाही माझं जरा सांगा." उंच काकांनी टोपी काढली, अर्धा मिनिट पुटपुटले, टोपी घातली आणि पंपाची नळी तपासायला खाली वाकले.

आता तो अर्धा गुण. रविवारी सकाळी केंद्राचा फोन कुणी उचलत नाही. सगळे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला. एका रविवारी पंप बंद पडला, गादी बसली, मी सात फोन केले. शेवटी स्वतःच खोललं तर आतली नळी निसटली होती, पाच मिनिटांचं काम. पण माझ्या जागी एखादी एकटी म्हातारी असती तर? शिवाय वॉकर दिला त्याची रबरी बुटं झिजून गुळगुळीत, ओल्या फरशीवर तो देणं बरं नाही. आणि काय काय साहित्य मिळतं त्याची यादी कुठेच लावलेली नाही. केळीवाली भेटली म्हणून मला कळलं. हे सगळं बुधवारी तोंडावर सांगितलं. बुटक्या काकांनी वहीत टिपून घेतलं, वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात वॉकरला नवी बुटं आली आणि गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला रविवारचा नंबर दिसला. यादी अजून नाही, म्हणून गुण कापलेलाच ठेवतो.

ऑक्टोबरात आई वॉकर धरून गॅलरीपर्यंत जायला लागली. कॉट फिनेलने पुसून परत करायची असते. पुसताना हँडल फिरवून बघितलं, तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी, सैल झालेलं. डेपोतल्या जुन्या दोस्ताकडून पितळी बुश कातून आणलं, बसवलं, ग्रीस भरलं. अनामत परत घ्यायला गेलो तेव्हा बुटक्या काकांनी हँडल चार वेळा फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि रजिस्टरात तारीख घालून लिहिलं, 'कॉट 4, बुश नवीन'. कुणी बसवलं ते लिहिलं नाही.

ज्यांना नंबर 4 मिळेल त्यांनी दर तीन महिन्यांनी ग्रीस घालावं. कमी घाला, पण घाला.