‘काम्ब्यो’ आणि ‘एम्बीओ’: एकाच ‘इ’ची दोन वागणी
स्पॅनिशमधील ‘काम्ब्यार’ (बदलणे) आणि ‘एम्ब्यार’ (पाठवणे) ही क्रियापदे मूळ रूपात जुळी भावंडे वाटतात. ‘मी’च्या वर्तमानकाळी रूपात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘काम्-ब्यो’मध्ये ‘इ’ पुढच्या स्वरात मिसळून दोनच अक्षरे उरतात आणि आघात (उच्चारातला जोर) पहिल्यावर पडतो, तर ‘एम्-बी-ओ’मध्ये तोच ‘इ’ स्वतंत्र अक्षर होऊन आघात स्वतःकडे ओढतो, म्हणून लिहिताना त्यावर आघातचिन्ह अनिवार्य ठरते. मराठीत आघाताचे स्थान अर्थ बदलत नसल्यामुळे आपला कान इथे सहज फसतो. ‘आम्ही’च्या रूपांत, म्हणजे ‘काम्-ब्या-मोस’ आणि ‘एम्-ब्या-मोस’मध्ये, हा भेद उरतच नाही. मूळ रूप पाहून गट खात्रीने ओळखता येत नाही: ‘एस्तुद्यार’ (अभ्यास करणे) पहिल्याच्या वळणाचे, ‘कोन्फ्यार’ (विश्वास ठेवणे) दुसऱ्याच्या.