नागपुरात चौदा महिने: धर्म न मानणाऱ्या, दोन देशांच्या आमच्या घराला माणसं कशी मिळाली

गेल्या वर्षी मे संपता संपता आम्ही पुण्याहून नागपूरला आलो. मी मूळची साताऱ्याची, नवरा केनियातल्या किसुमूचा. तो पुण्यात शिकायला आला आणि तिथेच आमचं जमलं. लग्न विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस लावून झालं. मोठी मुलगी आता नऊ वर्षांची, धाकटा पाचचा. घरात देव्हारा नाही आणि क्रूसही नाही. दोघांच्या माहेरी-सासरी जे होतं ते आम्ही विचार करून मागे ठेवलं. मिहानमधली, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातली, नोकरी ठरली तेव्हा पगार, शाळा, हवामान सगळं विचारून झालं होतं. मनात धाकधूक एकाच गोष्टीची होती: संध्याकाळी आमच्या दारात कोणी पोरांना खेळायला हाक मारेल का? चौदा महिन्यांनी त्याबद्दलच लिहितेय, कारण येण्याआधी मला हेच कोणी सांगितलं नव्हतं.

घर शोधताना एजंटचा पहिला प्रश्न "नॉनव्हेज खाता का?" आणि दुसरा "कोणत्या समाजाचे?" समाज कुठलाच नाही असं म्हटलं की पलीकडे थोडा वेळ शांतता. सात घरं हातची गेली. त्यातल्या दोन मालकांना फोनवर सगळं पसंत होतं, नवऱ्याला पाहिल्यावर त्यांचा पुतण्या अचानक राहायला येणार असल्याचं निघालं. तेव्हापासून मी पहिल्याच फोनवर सांगू लागले: नवरा आफ्रिकन आहे, भारतात कायम राहायची मुभा देणारं ओसीआय कार्ड आहे, पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी आम्ही स्वतः भरून देतो. नकार तिथेच मिळतो, पण उन्हातान्हात मुलांसमोर मिळत नाही. माझ्यासारख्या कुणाला यायचं असेल तर हे नक्की करा.

पहिले दोन महिने वर्धा रोडच्या बाजूला एका उंच इमारतीत काढले. लिफ्ट, पोहण्याचा तलाव, गेटवर ॲप, सगळं होतं. वाईट कोणीच वागलं नाही. पण दोन महिन्यांत एकाही घराचा दरवाजा आमच्यासाठी उघडला नाही, आणि खाली खेळायला गेलेली मोठी अर्ध्या तासात परत यायची. मुलं तिला खेळायला घेत होती, फक्त प्रत्येक जण आधी तिच्या केसांना हात लावून बघत होता. ऑगस्टमध्ये करार मोडला, एक महिन्याचं डिपॉझिट सोडलं आणि बजाज नगरच्या एका जुन्या गल्लीत वरचा मजला घेतला. खाली मालकीणबाई, सत्तरीच्या. त्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो.

ही जागा घेण्याआधी मात्र मी शहाणपणा केला होता. तीन संध्याकाळी सहाच्या सुमाराला गल्लीत जाऊन नुसती उभी राहिले. ओट्यावर कोण बसतं, पोरं रस्त्यावर असतात का, कामवाल्या मावशींशी लोक कसे बोलतात, ते पाहिलं. फ्लॅटचे फोटो पाहून यातलं काही कळत नाही.

धर्म न मानणं इथे जड जाईल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. नागपूर हे १४ ऑक्टोबर १९५६ चं गाव आहे. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो माणसांसह जुना धर्म सोडला, त्या माणसांची नातवंडं-पतवंडं आमच्या आजूबाजूला राहतात. जन्माने मिळालेलं माणूस विचार करून सोडू शकतो, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. दसऱ्याच्या वेळी आम्ही दीक्षाभूमीवर गेलो तर पुस्तकांच्या स्टॉलमधून बाहेर पडायला तीन तास लागले. बिहारहून, तेलंगणातून आलेल्या माणसांना गल्लोगल्ली फुकट जेवण वाढलं जात होतं आणि नवऱ्याला कोणीही कुठून आला म्हणून रोखून पाहत नव्हतं. फक्त शेजारी आम्हाला बौद्ध समजू लागले. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग तुम्ही कोण?" लोकांची अडचण देव न मानण्याची नसते, आम्हाला कुठल्या खान्यात ठेवायचं ही असते. आजींनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. कोणी विचारलं की त्या सांगतात, "वरचे आहेत ते."

गणपतीच्या वर्गणीला मुलं आली तेव्हा मी सरळ सांगितलं की आम्ही आरतीला येणार नाही, पण महाप्रसादाच्या दिवशी दोघंही वाढायला येऊ. मंडळातल्या एका काकांना ते आवडलं नाही आणि अजूनही आवडत नाही. बाकीच्यांनी नवऱ्याच्या हातात भाताचं पातेलं दिलं. तीनशे पानं उठेपर्यंत तो वाकून वाढत होता. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्याला "भाऊ" म्हणू लागले.

शाळेत मात्र लढावं लागलं. अर्जात धर्म आणि जात हे रकाने, आणि ऑफिसातल्या बाई म्हणत होत्या की रिकामं ठेवलं तर रजिस्टरला नोंद होत नाही, वडिलांचं काहीतरी टाका. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातल्या एका कार्यकर्त्याने २०१४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल छापून दिला. कोणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करता येत नाही, आणि आपला कुठलाच धर्म नाही असं सांगायचा हक्क माणसाला आहे, असं त्यात स्पष्ट आहे. तो कागद घेऊन तिसऱ्यांदा गेले तेव्हा "लागू नाही" अशी नोंद झाली. हे लोक वेळेला धावून येतात. त्यांच्या व्याख्यानांना आम्ही चार-पाचदा गेलो, पण तिथे बहुतेक साठीच्या पुढचे पुरुष, आणि पोरांना करण्यासारखं काही नसतं. आपल्या विचारांची माणसं मिळाली की सोबत मिळालीच असं मी धरून चालले होते, ते चुकलं.

अवघड गेला तो रंग. यावर मला गोडगोड लिहायचं नाही.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबतींची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी, बांबू-कागदाचे दोन प्रचंड पुतळे महाल-इतवारीतून वाजतगाजत नेतात आणि रोगराई, ईडापीडा घेऊन जा असं ओरडत गावाबाहेर जाळतात. प्रथा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, इंग्रजांच्या काळातली. आम्ही गल्लीत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मोठी शाळेच्या व्हॅनमधून उतरली, दप्तर जिन्यातच टाकलं आणि विचारलं, "आई, मारबत म्हणजे काय? मी काळी मारबत आहे म्हणतात."

मला उत्तर सुचलं नाही. आजी खाली लसूण सोलत होत्या. त्या तशाच उठल्या, सालं पदरातून खाली सांडली. "कोन म्हन्लं तुले? नाव सांग मले." दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन आली तेव्हा आजी फाटकात उभ्या होत्या. ड्रायव्हरदादांना खाली उतरवलं, मुलांना म्हणाल्या, "हे माही नात आहे. पुन्हा तसं म्हन्लं तं मी तुमच्या घरी येऊन राहीन." दादा मला हळूच म्हणाले, "ताई, मी पाहून घेतो." आणि त्यांनी पाहिलंही. मोठीला त्यांनी पुढच्या सीटवर बसवलं नाही, कारण त्याने ती वेगळी पडली असती. तिला तसं म्हणणाऱ्या दोन मुलांनाच तिच्या शेजारी बसवलं.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, आजींनी माळ्यावरून त्यांच्या मुलाचा लाकडी बैल काढून दिला. एक शिंग तुटलेलं होतं. मोठीने तो काळा रंगवला. मी काही बोलले नाही, आजींनीही नाही. झूल लाल. पोरांबरोबर घरोघरी गेली आणि बोजारा म्हणून मिळालेले दोनशे चाळीस रुपये आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आली. मारबत बघायला मात्र आम्ही गेलो नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती उन्हात खेळायला नको म्हणायची, अजूनही कधी कधी म्हणते. "काळी असली तरी नाकीडोळी छान आहे हो" हे तर आम्ही दर महिन्याला ऐकतो. आता मी तिथल्या तिथे, तिच्यासमोर सांगते की त्या "तरी"ची काही गरज नाही. पूर्वी घरी येऊन रडायचे.

नवऱ्याची सोय फुटबॉलने झाली. गल्लीपासून दहा मिनिटांवर मैदान आहे, तिथे पोट्टे रोज सहाला जमतात. नागपूर आणि त्याहून जास्त शेजारचं कामठी गाव फुटबॉलवेडं आहे, हे मला पुण्यात माहीतही नव्हतं. इथे रस्त्यावर हिंदी सर्रास चालते. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी मुलखाची राजधानी होतं, ती सवय टिकून आहे. त्याच्या मोडक्या हिंदीला कोणी हसत नाही. आजींना सगळ्यात मोठा धक्का बसला तो केनियातही चपातीला चपातीच म्हणतात, चहाला चाय आणि गाडीला गारी म्हणतात हे ऐकून. त्याने मक्याच्या पिठाचा उगाली केला, आजींनी सावजी रस्सा. ते एकत्र इतकं चांगलं लागतं की आता महिन्यातून एक रविवार ठरलेला आहे.

रविवारी सकाळी मोठीचे केस विंचरायला दीड तास लागतो. ओले करायचे, तेल लावायचं, बोटांनी गुंता सोडवायचा, मग टोकाकडून रुंद दातांचा कंगवा. आजी दोन महिने शेजारी बसून नुसत्या बघत होत्या. मेमध्ये मी कूलरचं गवत बदलत होते, हात भरलेले होते, तेव्हा त्या मोठीला घेऊन बसल्या. उजव्या बाजूच्या चार वेण्या त्यांनी घातल्या. थोड्या सैल होत्या. तिने आठवडाभर सोडू दिल्या नाहीत.

करार पुन्हा अकरा महिन्यांचा केला आहे. पोळा महिन्यावर आला, बैल आजींच्या कपाटावर आहे, आणि सुताराकडून नवं शिंग बसवून आणायचं काम धाकट्याने स्वतःकडे घेतलं आहे.